तीन फुटी टँकमध्ये दोन ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न, एक ग्रीन टेरर: कुणाला ठेवायचं आणि कुणाला हलवायचं

नाशिकच्या इंदिरानगरच्या एका भावाने विचारलंय की त्यांच्याकडे तीन बाय दीड बाय दीड फुटांचा (लांबी, रुंदी, उंची) माशांचा टँक आहे, त्यात दोन टायगर ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न आणि एक ग्रीन टेरर, सगळे अडीच-तीन इंचाचे, दीड महिना झाला काही भांडण नाही. हे सगळे सिक्लिड कुळातले, मोठे होणारे आणि भांडखोर मासे. आता दुकानदार म्हणतोय एक जॅग्वार (तोही सिक्लिडच) घेऊन जा आणि खाली साफसफाईला एक सकर, म्हणजे काच-तळ चाटणारा मासा, टाका. तर हे चालेल का, आणि पुढे टँक वाढवायचा झाला तर किती मोठा घ्यावा.

भाऊ, आधी उत्तर देतो, मग बाकीचं पुराण. जॅग्वार नको. सकर पण नको, निदान या टँकमध्ये तरी नको. आणि चौघांतला फ्लॉवरहॉर्न येत्या महिन्याभरात वेगळा करायची तयारी आजपासून करा. तुमचा टँक एका फ्लॉवरहॉर्नपुरताच आहे आणि तोसुद्धा जेमतेम.

आता का ते. तुमच्या टँकमध्ये पाणी किती मावतं ते काढू, कारण बरेच जण फुटावर बोलतात आणि लिटर कधी काढतच नाहीत. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर. तीन गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे पावणेसात घनफूट, म्हणजे काठोकाठ 190 लिटर. पण काठोकाठ कुणी भरत नाही, वर दोन इंच सोडतो, खाली वाळू असते, काचेची जाडी जाते, त्यामुळे प्रत्यक्षात 160 च्या आसपास पाणी. त्या 160 लिटरमध्ये तुम्ही ज्यांना ठेवलंय ते मोठे झाल्यावर काय होणार बघा: ऑस्कर एक फूट, दुसरा ऑस्कर एक फूट, फ्लॉवरहॉर्न दहा ते बारा इंच, ग्रीन टेररचा नर आठ-दहा इंच. तुमच्या टँकची रुंदी दीड फूट. एक फुटाचा ऑस्कर तिथे वळू शकतो, पण चार मासे एकाच वेळी वळायला लागले की लग्नाच्या हॉलमधल्या बुफेच्या लाइनीसारखं होतं.

आणि हे चार-पाच वर्षांनी होईल असं समजू नका. ऑस्करचं पिल्लू नीट खाणंपिणं मिळालं तर सुरुवातीचे महिने महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतं. म्हणजे आजचा तीन इंची पुढच्या गणपतीपर्यंत ताटाएवढा. "टँकच्या साइजप्रमाणे मासा वाढतो" हे जे दुकानात सांगतात ना, ते अर्धवट आहे. लहान टँकमध्ये मासा खुरटतो हे खरं, पण घाण पाण्यामुळे खुरटतो, आणि खुरटलेला मासा म्हणजे लहान ठेवलेला मासा नाही, आजारी मासा आहे. बारा-पंधरा वर्षं जगू शकणारा ऑस्कर अशा टँकमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षी डोक्याला खड्डे पडून जातो.

दीड महिना भांडण नाही म्हणता ते बरोबरच आहे. हे सगळे लहानपणी गरीब गाय असतात. दुकानात एकाच टँकमध्ये शंभर ऑस्कर आणि पन्नास फ्लॉवरहॉर्न पोहत असतात, आपण बघतो आणि आपल्याला वाटतं अरे हे तर राहतात एकत्र. तिथे कुणाचीच जागा नसते म्हणून भांडण नसतं, आणि तीन इंचापर्यंत यांच्या डोक्यात हद्द वगैरे भानगड फारशी आलेली नसते. चार-साडेचार इंचाला ती येते. मग एखाद्या सकाळी तुम्ही लाइट लावता आणि एक मासा वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, शेपूट आवळून, रंग काळपट, आणि बाकी अख्खा टँक एकाचा झालेला असतो.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते सिडकोतल्या आमच्या जुन्या घरी. साडेतीन फुटी टँक होता, त्यात एक रेड डेव्हिल (आम्ही त्याला लाल्या म्हणायचो) आणि एक जॅक डेम्प्सी. डेम्प्सीचं नाव त्या अमेरिकन बॉक्सरवरून पडलंय, त्यामुळे मला वाटलं हा काय ऐकतोय, उलट लाल्याचीच काळजी वाटायची. सहा महिने मस्त गेले. मग एका रविवारी मिसळ खाऊन घरी आलो तर डेम्प्सी हीटर आणि मागच्या काचेच्या फटीत घुसून उभा, उभा म्हणजे अक्षरशः डोकं वर शेपूट खाली. मी हात घालून बाहेर काढला तर एका बाजूचे खवले गेलेले आणि त्याच बाजूला हीटरचा चटका बसलेला, बोटाएवढी पांढरी पट्टी. मार परवडला पण बाहेर निघणं नको, असं त्याला वाटलं असणार. दोन दिवसांनी गेला. लाल्या पुढे सात वर्षं त्या टँकमध्ये एकटा राहिला आणि अगदी मजेत राहिला, बोटामागे फिरायचा, आईने पोळ्या लाटायला घेतल्या की त्या बाजूच्या काचेला येऊन उभा.

त्या मेलेल्या डेम्प्सीने मला जे शिकवलं तेच आज सांगतोय. लाल्याचे पूर्वज निकाराग्वाच्या तळ्यांमधले. तिथे हरलेला मासा पळतो, थोडं अंतर गेला की मारणारा परत आपल्या दगडापाशी येतो, विषय संपला. टँकमध्ये पळणाऱ्याला काच आडवी येते. मारणाऱ्याला तो अजून दिसतोय, म्हणजे त्याच्या हिशोबाने तो अजून गेलेला नाही, म्हणून तो परत मारतो, परत मारतो, दिवसभर. त्यामुळे टँकची साइज ठरवताना माझा प्रश्न एकच असतो: मार खाणारा मासा मारणाऱ्याच्या नजरेआड जाऊ शकतो का? मासे मावतात की नाही हा नंतरचा प्रश्न.

म्हणूनच उंचीवर पैसे घालवू नका. अडीच फूट उंच टँक हॉलमध्ये भारी दिसतो, लिटरही वाढतात, पण हे मासे हद्द जमिनीवर आखतात, तळाच्या क्षेत्रफळावर. चार बाय दीड बाय दोन आणि चार बाय दोन बाय दीड, दोन्हीत पाणी सारखंच म्हणजे 340 लिटर, पण दुसऱ्यात तळाला आठ चौरस फूट मिळतात आणि पहिल्यात सहाच. मी कायम दुसरा घेईन. वरून हात तळापर्यंत पोचतो हा आणखी एक फायदा, अडीच फुटी टँक साफ करताना खांद्यापर्यंत बुडावं लागतं आणि बनियन भिजतं ते वेगळंच.

कुणाला किती लागतं ते माझ्या अनुभवाने सांगतो. एक ऑस्कर: चार बाय दीड बाय दीड, म्हणजे 255 लिटर, हे अगदी कमीत कमी, जमलं तर चार बाय दोन बाय दोन. दोन ऑस्कर: पाच बाय दोन बाय दोनच्या खाली जाऊ नका, सहा फुटी घेतला तर पुढची दहा वर्षं डोक्याला ताप नाही. ग्रीन टेरर एकटा चार फुटीत आरामात. जॅक डेम्प्सी तसाच. कॉन्व्हिक्टची जोडी चार-पाच इंचाची, तीन फुटीत चालते, पण त्यांच्याबरोबर दुसरं कुणी नाही, ते दिसतात तेवढे बारीक नाहीत. जॅग्वारचा नर सव्वा फुटाच्या वर जातो, तो एकटा ठेवला तरी सहा बाय दोन बाय दोन. आणि तो मोठा डोव्ही, ज्याला वुल्फ सिक्लिड म्हणतात, तो दोन फुटांच्या घरात जाणारा मासा आहे, निसर्गात त्याहूनही मोठा होतो, त्याला आठ फुटी टँक आणि आयुष्यभराचा एकांत द्यायची तयारी असेल तरच विचार करा. फ्लॉवरहॉर्नला चार बाय दीड बाय दीड द्या, तुमचा तीन बाय दीड सध्या चालेल.

फ्लॉवरहॉर्नबद्दल वेगळं बोलतो कारण नव्वद टक्के फोन मला त्याच्यावरून येतात. हा मासा निसर्गात कुठेच नाही, मलेशियात 1990 च्या दशकात वेगवेगळ्या अमेरिकन सिक्लिडचे क्रॉस करून बनवला, आणि ज्यांचे क्रॉस केले त्यात एकही स्वभावाने शांत नव्हता. वर पिढ्यानपिढ्या डोक्याचा हंप (उंचवटा) आणि रंग बघून निवड झाली, स्वभाव कुणी बघितला नाही. याला टँकमेट शोधू नका. "माझा तीन वर्षं पॅरट माशाबरोबर राहतोय" असं सांगणारे भेटतील, असतीलही, पण त्याच लोकांना चौथ्या वर्षी विचारा. पॅरट हा पण माणसाने बनवलेला क्रॉस, त्याचं तोंड नीट मिटत नाही, त्याला धड चावताही येत नाही, त्याला फ्लॉवरहॉर्नसमोर सोडणं म्हणजे हात बांधून कुस्तीत उतरवणं. शिवाय खरं सांगू का, फ्लॉवरहॉर्नची मजा एकटाच असताना आहे. तो तुमच्यात इंटरेस्ट घेतो. टँकमध्ये दुसरा मासा असला की तो तुमच्याकडे ढुंकून बघत नाही.

ऑस्करचं उलटं आहे. अंगाने मोठा पण मनाने बावळट, माझं वैयक्तिक मत, ऑस्करवाल्यांनी रागावू नये. तो तोंडात मावेल ते गिळतो, पण उगाच पाठलाग करून मारणारा नाही, त्यामुळे नियम सोपा: त्याच्या तोंडात जाईल असं काही टाकू नका आणि त्याला मारेल असं काही टाकू नका. सहा फुटी टँकमध्ये दोन ऑस्करबरोबर मी पाच-सहा सिल्व्हर डॉलर ठेवलेत, थाळीसारखे गोल पसरट, गिळता येत नाहीत, आणि झुंडीत फिरतात. टिनफॉइल बार्बही चांगले पण तेही फूटभर होतात हे लक्षात ठेवा. सेव्हेरम बरा, शांत आहे. जिओफेगस म्हणजे वाळू चाळणारे, ते ऑस्करबरोबर जमतात पण त्यांना बारीक वाळू लागते, खडी नाही. झुंडीतल्या माशांचा एक आणखी उपयोग आहे, ते बिनधास्त मोकळ्यात फिरत असले की ऑस्करला वाटतं सगळं ठीक आहे, तोही लपत नाही. एकटा ऑस्कर कधीकधी तळाला आडवा पडून रुसतो, नवीन माणसं घाबरून फोन करतात मासा मेला म्हणून. मेलेला नसतो हो, टँकमधला दगड तुम्ही हलवलेला असतो.

टायगर, रेड, अल्बिनो, लेमन हे सगळे ऑस्करच, रंग वेगळे, स्वभाव आणि साइज तीच. "अल्बिनो लहान राहतो" हे खोटं.

ग्रीन टेररचं नाव ऐकून लोक घाबरतात किंवा खूश होतात. प्रत्यक्षात एकटा ग्रीन टेरर ऑस्करबरोबर मोठ्या टँकमध्ये बऱ्याचदा राहतो, पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही. एकाच जातीचे दोन मासे घेऊन एक शांत निघतो आणि एक राक्षस, हे मी इतक्या वेळा बघितलंय की जातीवरून मी फक्त अंदाज सांगतो, शब्द देत नाही. एक गोष्ट मात्र जवळपास पक्की: एकसारखा आकार आणि एकसारखा रंग असलेले दोन सिक्लिड एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. म्हणून निवडताना आकार, रंग, वावरायची पातळी सगळं वेगवेगळं ठेवा.

इथे एक गल्लत होते ती सांगतो. काही जण म्हणतात टँक गच्च भरा, मग राग वाटला जातो, कुणा एकावर पडत नाही. हे खरं आहे, पण कुणासाठी, तर आफ्रिकेच्या मलावी तळ्यातल्या म्बुनांसाठी, जे चार-पाच इंचाचे राहतात, दगडांत राहतात, आणि जिथे वीस-पंचवीस मासे एका टँकमध्ये ठेवता येतात. फूटभराच्या अमेरिकन माशांना ही युक्ती लावायची तर वीस ऑस्करचा टँक लागेल, तो नेहरू गार्डनमध्ये बसवावा लागेल. सहा फुटीमध्ये चार मोठे मासे ठेवले तर राग वाटला जात नाही, तिसऱ्या आणि चौथ्या नंबरच्या माशावर पडतो.

आता जॅग्वार. तुमच्या दुकानदाराने सांगितलं म्हणून रागावत नाही, लहानपणी तो चंदेरी-काळा ठिपक्यांचा पट्टा इतका देखणा दिसतो की मलाही मोह झाला होता. मी जोडी वाढवली होती, पाच बाय दोन बाय दोनमध्ये, बरोबर एक मोठा सेव्हेरम आणि एक सकर. दोन वर्षं म्हणावं तसं काही झालं नाही. मग एकदा सकाळी मादीने एका सपाट दगडावर अंडी घातली, मला आनंद झाला, मी फोटो काढले, आणि घरचे सगळे त्र्यंबकेश्वरला गेलो. रात्री साडेआठला आलो. चप्पल पण काढली नव्हती, टँकमधून पाणी उडाल्याचा आवाज आला. सेव्हेरम पृष्ठभागाला, टॉप फिल्टरच्या पाइपमागे, तिरका, त्याच्या दोन्ही कल्ल्याजवळचे पंख काड्यांसारखे उरलेले, मधलं पातळ कापड गेलं आणि काटे राहिले, आणि नर खालून येऊन त्याला ठोसा मारून परत दगडावर. दर अर्ध्या मिनिटाला. दिवसभर असंच चालू असणार. सकर झाकणाला चिकटून पाण्याच्या अर्धा बाहेर. पाच फुटी टँकच्या पूर्ण दहा चौरस फूट तळाची मालकी त्या जोडीने घेतली होती, बाकीच्यांना राहायला फक्त पाण्याचा वरचा पापुद्रा.

सेव्हेरम वाचला, कारण माझ्याकडे त्या वेळी दुसरा टँक भरलेला होता, स्पंज फिल्टर चालू असलेला. नसता तर बादली, आणि बादलीत जखमी मासा दोन दिवस. म्हणून मी कुणालाही सांगतो, आक्रमक सिक्लिड घ्यायच्या आधी दोन वस्तू घरात पाहिजेत: टँकच्या मापाचा डिव्हायडर (टँकचे दोन भाग करणारी मधली जाळी) आणि एक जादा टँक. माझा डिव्हायडर फुकटचा आहे. आपल्या नाशकात द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट ढिगाने मिळतात, जुना स्वच्छ क्रेट घ्या, औषध फवारणीला वापरलेला नको, त्याची जाळीची बाजू करवतीने कापा, कडा घासून घ्या, दोन-तीन तुकडे केबल टायने जोडा आणि काचेला सक्शन कपने अडकवा. पाणी इकडून तिकडे जातं, मासा जात नाही, आणि दोघं एकमेकांना बघून सवय होते. फॉल्स सीलिंगच्या लाइटला लावतात ती चौकोनी जाळीही चालते, ती जरा महाग पडते. अख्खा क्रेट उलटा टाकला तर मार खाणाऱ्याला लपायलाही होतो, दिसतो भंगार पण काम करतो.

जोडी लावायची असेल तर डिव्हायडरला मादीच्या अंगाएवढं भोक ठेवा, नराच्या नाही. नर मादीपेक्षा मोठा असतो, मादीला पळून येता येतं. तोंडाला तोंड लावून ओढाताण करतात ती बघून घाबरू नका, ती ताकदीची परीक्षा. तोंड लावायचं थांबवून एकजण नुसता पळतोय आणि दुसरा नुसता मागे आहे, तेव्हा वेगळे करा, "बघू संध्याकाळपर्यंत" असं म्हणू नका.

नवीन मासा टाकायचा झालाच तर सगळे एकाच वेळी, एकाच साइजचे, लहान असताना टाका. ते जमलं नाही तर सगळ्यात तापट मासा सगळ्यात शेवटी. जुन्या माशाच्या टँकमध्ये नवा टाकताना आधी सगळे दगड-लाकडं काढून वेगळ्या जागी मांडा, जुन्याची हद्दच पुसली जाते, तोही नवखा होतो. लाइट बंद ठेवा, आधी पोटभर खायला घाला. आणि शनिवारी सकाळी टाका म्हणजे दोन दिवस घरी बसून बघता येईल. रात्री दहाला टाकून झोपायचं आणि सकाळी रडायचं, हे करू नका.

पाण्याचं बोलू, कारण मोठ्या माशांचा टँक पाण्यावरच फसतो. हे भरपूर खातात आणि भरपूर घाण करतात. टँकच्या पाण्याच्या पाच-सहा पट पाणी तासाला फिरवणारा फिल्टर घ्या, डब्यावर लिहिलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, मीडिया म्हणजे गाळायचं साहित्य भरल्यावर कमी होतो. पाच-सहा फुटीला खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी) सगळ्यात उत्तम, हीटर पण संपमध्ये जातो, माशाच्या तोंडी लागत नाही. नवा टँक चार ते सहा आठवडे सायकल करा, म्हणजे मासे टाकायच्या आधी फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया वाढू द्या, जुन्या फिल्टरचा स्पंज टाकला तर लवकर होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली, माझा प्रयत्न 20 चा असतो. टेस्ट किट घ्या, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय याला काही अर्थ नाही, अमोनिया दिसत नाही.

सहा बाय दोन बाय दोनमध्ये काठोकाठ 680 लिटर, आठवड्याला चाळीस टक्के बदललं तर 270 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अठरा बादल्या. बादलीने करायचं ठरवलंत तर तिसऱ्या महिन्यात बंद कराल, पाइप आणि छोटा पंप घ्या. काढलेलं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना द्या, आमच्या कढीपत्त्याने त्यावर छत गाठलंय. नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरीन घाला. बोअरचं पाणी जड असतं, ते मध्य अमेरिकेच्या माशांना म्हणजे जॅग्वार, रेड डेव्हिल, डेम्प्सी, फ्लॉवरहॉर्न यांना मानवतं, ऑस्करलाही सवय होते, फक्त पीएच जास्त असेल तर तितकाच अमोनिया जास्त विषारी ठरतो हे विसरू नका. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की खाणं कमी करा, घाण कमी होईल.

हीटरवर नाशिकमध्ये वाद घालायचाच नाही. मुंबईचे लोक सांगतात आमच्याकडे लागत नाही, बरोबर आहे, त्यांच्याकडे निफाड नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, यांना 25 ते 28 पाहिजे. लिटरला साधारण एक वॅट धरा, आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, एक बिघडला तर दुसरा सांभाळतो. दोन तीनशे वॅटचे हीटर थंडीत दहा तास चालले तर दिवसाला सहा युनिट, हे बिल घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वजन. हे कुणी विचारत नाही. बारा एमएम काचेचा सहा बाय दोन बाय दोनचा नुसता टँकच सव्वाशे किलोच्या आसपास जातो, पाणी, वाळू, दगड, स्टँड मिळून आठ-नऊशे किलो, आणि हे सगळं बारा चौरस फुटात. घरांच्या स्लॅबसाठी आपल्या आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन म्हणजे साधारण 200 किलोचा वापराचा भार धरतात. तो अख्ख्या खोलीवर पसरून धरलेला असतो त्यामुळे लगेच काही कोसळत नाही, पण खोलीच्या मधोमध असला टँक ठेवायचा नाही, बीमवर, भिंतीलगत ठेवायचा, आणि वरच्या मजल्यावर किंवा जुन्या वाड्यात असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं. तळमजला मिळाला तर देवच पावला.

सकर का नको ते राहिलं. दुकानात मिळतो तो दोन इंचाचा सकर फूट-दीड फुटाचा होतो, साफसफाई करतो त्याच्या दुप्पट घाण स्वतः करतो, आणि रात्री ऑस्करसारख्या पसरट, संथ माशाच्या अंगावरचा चिकट थर चाटायची सवय त्याला लागू शकते, मग त्या जागी जखमा. सहा फुटीत एखादा चालेल. काच घासायला हात आणि जुनं एटीएम कार्ड पुरतं.

खाण्यात चांगले पेलेट्स, अधूनमधून सोललेली कोळंबी. जिवंत गोल्डफिश घालून व्हिडिओ काढायची हौस असेल तर सोडा, त्यांच्यात बी-वन जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं, सतत दिलं तर माशाला ते जीवनसत्त्व कमी पडतं, आणि रोग येतात ते बोनस.

तर तुमचं. या महिन्यात: टँकच्या मध्ये क्रेटचा डिव्हायडर, एका बाजूला फ्लॉवरहॉर्न, दुसरीकडे तिघं, आठवड्यातून दोनदा तीस टक्के पाणी. तीन महिन्यांत: ऑस्कर ठेवायचे असतील तर पाच किंवा सहा बाय दोन बाय दोन, त्यात दोन्ही ऑस्कर आणि ग्रीन टेरर, टेररने डोळे दाखवले तर तो दुसऱ्याला द्यायचा. तीन फुटी टँक पूर्ण फ्लॉवरहॉर्नला. मोठा टँक जमणार नसेल तर ऑस्कर आत्ताच द्या, तीन इंचाला घेणारे मिळतात, फूटभर झाल्यावर फुकटसुद्धा कुणी नेत नाही. आणि नाही नेला कुणी तरी गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडायचा नाही. चिलापी 1952 साली परदेशातून भारतात आणली, तीसुद्धा सिक्लिडच, आणि आज राज्यातल्या धरणांत जाळं टाकलं की आधी तीच येते. माझ्याकडे एक चार फुटी रिकामा आहे, अगदीच अडलात तर ऑस्कर तात्पुरते आणून ठेवा, फक्त पाणी बदलायला रविवारी स्वतः यायचं.